तळ्याकाठची केबिन आणि फ्लोटप्लेन: केचिकनला जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सिअ‍ॅटलजवळ राहतो आणि आजवर चार वेळा अलास्कातल्या केचिकनहून फ्लोटप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने, तळ्यावरच्या केबिनला जाऊन आलो आहोत. दर वेळी परतलो की नात्यातले, मित्रमंडळीतले, पुण्याहून फोन करणारे सगळे तेच तेच विचारतात आणि मी तेच तेच टाइप करत बसतो. म्हणून एकदाचं इथे लिहून ठेवतो. प्रश्न ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने ठेवले आहेत, त्यामुळे संडास मासेमारीच्या आधी आला तर नवल नको.

हे नेमकं आहे कुठे?

अलास्काच्या नकाशात उजवीकडे खाली, कॅनडाच्या कडेने, एक शेपटी लोंबलेली दिसते. ते आग्नेय अलास्का. या शेपटीच्या दक्षिण टोकाजवळ केचिकन हे गाव आहे. गाव ज्या बेटावर आहे त्याचं नाव रेव्हियाहिहेदो. न्यू स्पेन या जुन्या स्पॅनिश वसाहतीच्या एका व्हॉइसरॉयचं ते नाव, पण गावकरी नुसतं 'रेव्हिला' म्हणून मोकळे होतात. तुम्हीही तेच म्हणा. मुळात ही त्लिंगिट लोकांची भूमी. गावाच्या आसपास जे लाकडात कोरलेले उंच टोटेम खांब दिसतात ते त्यांच्या आणि शेजारच्या हायडा लोकांच्या परंपरेतले आहेत. एक दिवस त्यांच्यासाठी काढाच.

गावाबाहेर पडलं की चहूकडे टोंगास राष्ट्रीय वन. अमेरिकेतलं हे सर्वांत मोठं राष्ट्रीय वन, सुमारे ६७,००० चौरस किलोमीटरचं, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून थोडं मोठंच. या वनात फॉरेस्ट सर्व्हिसच्या, म्हणजे सरकारी वन खात्याच्या, शंभरावर केबिन आहेत आणि त्या कुणालाही भाड्याने मिळतात. काही समुद्रकाठी आहेत, काही आतल्या तळ्यांवर. पॅचिंग, हेकमन, ऑर्चर्ड ही रेव्हिलावरची तळी. हंपबॅक आणि विल्सन ही मुख्य भूमीवरची, मिस्टी फ्योर्ड्स या संरक्षित भागातली. मिस्टी फ्योर्ड्सला १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. तिथले ग्रॅनाइटचे कडे थेट पाण्यातून वर उठतात. सह्याद्रीचे कडे पाहत वाढलेल्या माणसालाही मान वर करावी लागते.

गाडीने किंवा बोटीने जाता येत नाही का?

केचिकनलाच बाहेरून रस्ता येत नाही. गावातले रस्तेही थोडे किलोमीटर जाऊन जंगलात संपतात. समुद्रकाठच्या केबिनना बोट चालते. आतल्या तळ्यांपैकी एखाद-दुसऱ्याला किनाऱ्यापासून पायवाट आहे. बाकी ठिकाणी विमानच, कारण मधल्या जंगलात वाट नाही आणि 'डेव्हिल्स क्लब' नावाचं एक काटेरी झुडूप तुमची वाट होऊही देत नाही. त्याचा काटा एकदा बोटात मोडला की आपली करवंद-बोरीची झुडपं प्रेमळ वाटू लागतात.

इथे एक गंमत आहे. अमेरिकेत 'विल्डरनेस' म्हणून राखलेल्या प्रदेशात एरवी विमान उतरवायला किंवा मोटरबोट न्यायला बंदी असते. अलास्काच्या जमिनींबद्दलच्या १९८० च्या कायद्याने तिथल्या जुन्या वहिवाटीपुरती यातून सूट दिली. मिस्टी फ्योर्ड्सचा बहुतेक भाग विल्डरनेस असूनही तिथल्या तळ्यावर विमान उतरतं ते त्यामुळे. ड्रोनला मात्र ही सूट नाही. तो घरी ठेवा.

केबिन म्हणजे रिसॉर्टसारखं काही?

नाही. रिसॉर्टची कल्पना मनातून काढून टाकली तरच पुढे वाचा.

एक खोली. चार ते सहा जणांना झोपता येईल अशा फळ्यांच्या बाका, त्यांवर गादी नाही. एक टेबल, एक स्टोव्ह, भिंतीवर खिळे, बाहेर संडास. काही केबिन उतरत्या छपराच्या, इंग्रजी ए अक्षरासारख्या. काही सीडारच्या ओंडक्यांच्या. वीज नाही, नळ नाही, पांघरूण नाही, भांडी नाहीत, रखवालदारही नाही. कुलूप नाही म्हणून किल्लीही नाही. झाडूपोछा तुमच्याआधी राहून गेलेल्यांनी केला असेल तेवढाच, आणि तुमच्यानंतर येणाऱ्यांसाठी तुम्ही कराल तेवढा.

माझ्या मेव्हण्याने हे सगळं ऐकून विचारलं, "म्हणजे पैसे देऊन शेतावरच्या खोपटात राहायचं?" हो, जवळपास तेच.

विमान कसलं असतं?

बहुतेक वेळा डी हॅविलंड बीव्हर. कॅनडात बनलेलं हे एका इंजिनाचं विमान १९४७ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि १९६७ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. म्हणजे तुम्ही ज्यात बसाल ते बहुधा तुमच्याहून वयाने मोठं असेल. घाबरू नका. या विमानांची इंजिनं ठरावीक तासांनी पूर्ण उघडून नव्याने बांधतात. नाकात नऊ सिलिंडर गोल मांडलेलं, ४५० अश्वशक्तीचं इंजिन असतं आणि चाकांच्या जागी ॲल्युमिनियमचे दोन लांबुळके फ्लोट. निघण्याआधी पायलट एका हातपंपाने फ्लोटच्या कप्प्यांत झिरपलेलं पाणी उपसताना दिसेल. पहिल्या वेळी ते पाहून माझ्या पोटात गोळा आला होता. ते रोजचंच काम आहे, आपण होडीतलं पाणी उपसतो तसं.

मालदीवला हनिमूनला जाऊन आलेले म्हणतात, आम्हाला सीप्लेन माहीत आहे. तिथलं विमान दोन इंजिनांचं, आणि उतरल्यावर हातात थंड पेय. इथे उतरल्यावर पायलट फ्लोटवर उभा राहून तुमची पोती काठावर फेकतो आणि तुम्ही घोटाभर पाण्यातून ती झेलता.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आपल्याला वाटतं आरशासारखं निवांत पाणी म्हणजे उतरायला उत्तम. पायलटला ते नको असतं. पाण्यावर लाटच नसेल तर वरून पृष्ठभाग किती खाली आहे याचा डोळ्यांना अंदाज येत नाही. शिवाय उडताना निवांत पाणी फ्लोटला धरून ठेवतं, तेव्हा पायलट आधी एक फ्लोट उचलून मग दुसरा सोडवतो. पाण्यावर बारीक शहारा उठवणारा वारा सगळ्यात चांगला.

हे सुरक्षित आहे का? खरं सांगा.

खरं सांगायचं तर केचिकनच्या आसपास गेल्या काही वर्षांत मोठे अपघात झाले आहेत. २५ जून २०१५ ला एला लेकजवळ पर्यटकांचं विमान डोंगराला धडकून ९ जण गेले. १३ मे २०१९ ला दोन विमानं हवेतच एकमेकांवर आदळली आणि ६ जण गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये आणखी एका अपघातात ६. हे तिन्ही अपघात मिस्टी फ्योर्ड्स दाखवायला नेणाऱ्या सहलींचे होते. पण आकाश तेच, डोंगर तेच, हवाही तीच.

ही विमानं पायलटला डोळ्यांनी जे दिसतं त्यावर उडतात. ढग खाली आले, दरी धुक्याने भरली की पुढे जायचं नसतं, परत फिरायचं असतं. २०१५ च्या अपघाताच्या तपासात दिसलं की समोरचं दिसेनासं झाल्यावरही पायलट पुढे गेला आणि त्यामागे वेळापत्रक गाठायचं दडपणही होतं. यावरून मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे: पायलटला 'आज जमेल का हो?' असं दुसऱ्यांदा विचारायचं नाही. तो नाही म्हणाला की चहा घ्यायला जायचं. आपली घाई त्याच्या कानावर घालणं हेही दडपणच.

बसल्यावर दोन कामं करा. दरवाजाची कडी कुठे आहे आणि कुठल्या बाजूला फिरते ते हाताने चाचपून पाहा. आणि कमरेला बांधायचं लाइफ जॅकेट दिलं तर ते विमानाबाहेर पडल्यावरच फुगवायचं, हे मुलांकडून पाठ करून घ्या. आत फुगवलं तर पाण्यात बुडालेल्या विमानातून बाहेर पडणं कठीण होतं.

किती सामान नेता येतं?

बीव्हरमध्ये माणसं आणि सामान धरून साधारण ५०० किलोच्या आत, तेही तळं केवढं आहे आणि इंधन किती घ्यायचंय यावर अवलंबून. धक्क्यावर तुमचंही वजन करतात. आपल्याकडे वजन विचारलं की दोन-चार किलो कमी सांगायची पद्धत आहे. इथे ती ठेवू नका, तो आकडा पायलटच्या हिशोबात जातो.

कडक सूटकेस नको. शेपटीकडच्या निमुळत्या जागेत कोंबता येतील अशा मऊ पिशव्या हव्यात, आणि एका मोठ्या पिशवीऐवजी चार छोट्या. अस्वलांसाठीचा स्प्रे पायलटच्या हातात द्या. तो फ्लोटच्या कप्प्यात ठेवतात, कारण बंद विमानात तो फुटला तर पायलटलाच दिसायचं बंद होईल. स्प्रे आणि शेगडीचं इंधन मोठ्या विमानात चालतच नाही, दोन्ही केचिकनमध्ये घ्या आणि परतताना तिथेच सोडा.

ठरल्या दिवशी विमान आलंच नाही तर?

हा प्रश्न नेहमी हसत हसत विचारला जातो. खरं तर सगळी तयारी याच एका प्रश्नाभोवती करायची असते. जायचं कसं हे कुणीही सांगेल. ज्या दिवशी विमान येत नाही त्या दिवसासाठी तुम्ही काय बांधून आणलंय, यावर सहल कशी होणार ते ठरतं.

आमच्या दुसऱ्या खेपेला तीन रात्रींच्या पाच झाल्या. सकाळी ११ ला विमान येणार होतं. आम्ही शहाण्यासारखे ९ लाच आवरलं. स्टोव्ह विझवला, राख काढली, केर काढला, पिशव्या काठावर नेऊन ताडपत्रीखाली ठेवल्या आणि उभे राहिलो. तळ्यावर तर ऊन पडलं होतं! ११ वाजले, १२ वाजले. दोनदा इंजिनाचा आवाज ऐकला असं वाटलं, दोन्ही वेळा तो पलीकडच्या उतारावरचा वारा होता. दोन वाजता झड लागली. तोवर केबिन थंडगार पडली होती आणि वाळकी लाकडं संपली होती, कारण शेवटची मोळी आम्ही सकाळी हौसेने जाळून टाकली होती.

"इथे ऊन आहे, मग येत का नाही?" याचं उत्तर संध्याकाळी उपग्रहावरच्या संदेशातून आलं. तळं उघडं असलं तरी मधली खिंड बंद होती. पायलट खिंडीपर्यंत येऊन परत गेला होता. आपल्याला दिसतं ते आपल्या डोक्यावरचं आभाळ. त्याला गावापासून तळ्यापर्यंतचं सगळं आभाळ लागतं.

तेव्हापासून आमचे काही रिवाज ठरले आहेत. खाणं तीन दिवस जास्तीचं, आणि ते वेगळ्या पिशवीत, गाठ मारून. ती पिशवी ठरल्या दिवसाआधी उघडायची नाही, मुलीने कितीही डोळे मोठे केले तरी. नेहमीच्या गोळ्या आठवडाभर जास्त. इंजिनाचा आवाज खरोखर कानावर येईपर्यंत स्टोव्ह विझवायचा नाही. पायलट पाण्यावर उतरून काठाला लागेपर्यंत आवरायला पुरेसा वेळ मिळतो. परतीच्या दिवशीच केचिकनहून पुढचं विमान धरायचं नाही. मध्ये निदान एक रात्र, जमल्यास दोन. आणि ऑफिसात सोमवारी सकाळची मीटिंग ठेवायची नाही. हा शेवटचा नियम मी अजून धड पाळलेला नाही.

'मग पुढचं बुकिंग असलेले लोक आले तर?' असं बायकोने तेव्हा विचारलं होतं. ते तरी कशात बसून येणार?

हवा उघडली की सगळ्या तळ्यांवरच्या अडकलेल्यांना आणायची एकदम धांदल उडते. आजारी कुणी असेल तर सहसा त्यांचा नंबर आधी. तुमचा नंबर संध्याकाळी लागला तर कुरकुर करू नका. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो.

खर्च किती येतो आणि बुकिंग कसं करायचं?

केबिनचं भाडं रात्रीला एखाद्या साध्या मोटेलपेक्षाही कमी. सरकारच्या रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर साधारण सहा महिने आधी बुकिंग खुलं होतं. जुलै-ऑगस्टच्या चांगल्या तारखा पटकन जातात.

पैसे जातात ते विमानात. भाडं माणशी नसतं, पूर्ण विमानाचं असतं, आणि विमान तुम्हाला सोडून रिकामं परत जातं त्या फेरीचेही पैसे तुम्हीच देता. म्हणजे येण्या-जाण्याच्या मिळून चार फेऱ्या. हिशोब सहज चार आकडी डॉलरमध्ये जातो. तिघांऐवजी पाच जण गेलात तर माणशी बराच फरक पडतो. मात्र त्या खोलीत पाच माणसं आणि पाऊस असे दोन दिवस काढता येतील अशीच माणसं निवडा. आधी विमानवाल्यांशी बोला, मग केबिन घ्या. काही तळी छोटी असतात, तिथून भरलेलं विमान उडत नाही आणि दोन खेपा कराव्या लागतात. हे बुकिंगच्या पानावर लिहिलेलं नसतं.

पाऊस किती असतो? कधी जावं?

माझं लहानपण चिपळूणचं. मला पावसाचं कौतुक सांगू नका, असं मी केचिकनच्या एका दुकानदाराला म्हणालो होतो. तो नुसता हसला.

केचिकनला वर्षाला सरासरी ३,५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मुंबईच्या दीडपटीहून थोडा जास्त, महाबळेश्वरपेक्षा बराच कमी. फरक असा की आपला पाऊस चार महिन्यांत उरकून जातो, त्यांचा बाराही महिने रिपरिपत असतो. सगळ्यात जास्त ऑक्टोबरमध्ये. आपल्या मृगासारखा गडगडाट नाही, धो धो नाही. बारीक, थंड आणि चिकाटीचा. गावकरी त्याला 'लिक्विड सनशाइन' म्हणतात आणि किती पडला ते दाखवणारी एक भली मोठी मोजपट्टी गावात उभी केली आहे.

जून आणि जुलै त्यातल्या त्यात कोरडे. उंचावरच्या तळ्यांवर जूनच्या सुरुवातीलाही बर्फ असू शकतो आणि बर्फावर फ्लोटचं विमान उतरत नाही, म्हणून लवकर जायचं असेल तर खालचं तळं निवडा. ऑगस्टमध्ये ओढ्यांत सामन मासे चढतात, त्यांच्या मागे अस्वलं येतात आणि पाऊसही वाढू लागतो. आम्हाला जुलैचा दुसरा पंधरवडा आवडतो. तेव्हा ब्लूबेरी पिकायला लागलेल्या असतात.

कपडे काय न्यायचे?

सुती काही नको, जीन्स तर नकोच. भिजलेलं सुती कापड अंगावर वाळत नाही, उलट अंगातली ऊब ओढून घेतं. लोकरीचे किंवा सिंथेटिक थर, वर कोळी लोक वापरतात तसला रबरी रेनकोट आणि पँट. ट्रेकिंगचा महागडा श्वास घेणारा रेनकोट इथे दुसऱ्या दिवशी हार मानतो. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. गावात सगळ्यांच्या पायात तपकिरी गमबूट दिसतील, लग्नकार्यालाही तेच. छत्री नेलीत तर ती फक्त फोटोत चांगली दिसेल.

अस्वलांचं काय?

आहेत. काळी अस्वलं सगळीकडे, मुख्य भूमीवर तपकिरीही. तुम्ही त्यांच्या घरात चाललाय.

ती सहसा आपणहून टळतात. अडचण होते ती अचानक समोरासमोर आल्यावर, म्हणून चालताना बोलत राहायचं. आम्ही चौघं मराठी माणसं असल्याने यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागला नाही. दिसलंच तर पळायचं नाही, एकत्र उभं राहायचं, शांत आवाजात बोलत मागे सरायचं. स्प्रे कमरेला हवा, पिशवीच्या तळाशी नाही. खाणं, टूथपेस्ट, साबण, कचरा, सगळं केबिनच्या आत. मासे साफ केलेली घाण केबिनपासून दूर, खोल पाण्यात.

चार खेपांमध्ये आम्हाला अस्वल दिसलं दोनदा, दोन्ही वेळा होडीतून. उंदीर मात्र रोज दिसला. साप नाहीत, ही बातमी माझ्या आईला सगळ्यात जास्त आवडली.

आणि खरा शत्रू सांगायचा राहिला: नो-सी-अम नावाची चिलटं. डोळ्यांना दिसत नाहीत, मच्छरदाणीच्या साध्या भोकांतून आत येतात. बारीक जाळीची टोपी न्या.

शाकाहारी आहोत. जेवणाचं काय?

मराठी स्वयंपाकघर अशा ठिकाणासाठीच बनलं असावं. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, बेसन, तांदूळ, मुगाची डाळ, सुकं खोबरं, गोडा मसाला. वजन कमी, फ्रिज नको. परदेशी तयार जेवणाच्या पुड्या फाडून खाणाऱ्यांपेक्षा आम्ही दरवेळी जास्त चांगलं जेवलो, आणि पाव किलो बेसनावर अडकलेला एक अख्खा दिवस निघतो. कुकर न्यावा की नाही यावर घरात अजून वाद आहे. तीन किलोचं ओझं, पण इंधन वाचतं. या वर्षी नेला, शिट्टी ऐकून पलीकडच्या झाडावरचा गरुड उडाला.

स्वयंपाकासाठी छोटी शेगडी स्वतःची न्या. केबिनमधला स्टोव्ह उबेसाठी असतो. आणि त्यातही दोन जाती: काही ठिकाणी लाकडाचा, काही ठिकाणी तेलाचा. तेलाचा असेल तर डिझेल तुम्ही न्यायचं, आणि ते 'नंबर एक' प्रतीचंच. बुकिंगच्या पानावर हे लिहिलेलं असतं, नीट वाचा. लाकडाचा असेल तर जंगल ओलं आहे हे लक्षात ठेवा. लाकूड फोडून आतला कोरडा गाभा काढावा लागतो. पहिला तास ढलप्या पाडण्यातच जातो. पेटवायला मेणाच्या वड्या न्या. आमच्याकडे एकदा त्या नव्हत्या, तेव्हा कापूर कामी आला.

पाणी आणि संडास?

पाणी तळ्यातलं, उकळून. खळखळून एक मिनिट. दिसायला ते बाटलीतल्यापेक्षा स्वच्छ असतं, पण बीव्हर (विमान नव्हे, पाण्यात राहणारा प्राणी) आणि इतर प्राण्यांमुळे त्यात जिआर्डिया नावाचा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

संडास खड्ड्याचा, केबिनपासून वीस-तीस पावलांवर. कागद तुम्ही न्यायचा. रात्री जाताना टॉर्च आणि मोठ्याने गाणं.

फोनला रेंज असते का?

नाही. केचिकन सोडलं की संपलं. उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं उपकरण न्यावंच लागतं, तेही भाड्याने मिळतं. त्यावरून विमानवाल्यांना 'इथे ढग झाडांच्या शेंड्यापर्यंत आहेत' एवढं जरी कळवलं तरी त्यांना उपयोग होतो. संकटात एसओएसचं बटण आहे. पण मदतीला येणारं हेलिकॉप्टरही हवा पाहूनच निघतं.

भारतातून येणाऱ्यांनी हे नीट वाचा. असं उपकरण अमेरिकेत भाड्याने घ्या आणि तिथेच परत करा. स्वस्त मिळालं म्हणून विकत घेऊन भारतात नेऊ नका. परवानगीशिवाय उपग्रहाशी बोलणारी उपकरणं बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, आणि गोव्याच्या विमानतळावर अशाच एका छोट्या उपकरणापायी परदेशी पाहुण्यांना पोलिसांपर्यंत जावं लागलं आहे.

मासेमारीला परवाना लागतो?

१६ वर्षं आणि त्यापुढच्या पाहुण्यांना लागतो. तो ऑनलाइन निघतो, एका दिवसापासून आठवड्या-दोन आठवड्यांपर्यंत. किंग सामनसाठी वेगळा स्टँप. तळ्यांत कटथ्रोट ट्राउट आणि डॉली व्हार्डन या जातींचे मासे. गोड्या पाण्यात बहुतेक ठिकाणी वर्षाचा बराच काळ खरं आमिष लावायला बंदी असते, धातूचं किंवा पिसांचं कृत्रिम आमिष वापरावं लागतं. त्या वर्षीचे नियम डाउनलोड करून न्या. मला स्वतःला मासे पकडण्यात गती नाही. मुलीने पहिल्याच दिवशी दोन पकडले आणि तो विषय घरात अजून निघतो.

होडी असते का?

बऱ्याच तळ्यांवर ॲल्युमिनियमची एक उघडी होडी आणि वल्ही ठेवलेली असतात. लाइफ जॅकेट नसतात, ती न्या. अलास्कात १३ वर्षांखालच्या मुलांना उघड्या होडीत जॅकेट घालणं कायद्याने सक्तीचं आहे. मोठ्यांनीही घाला, ते पाणी उन्हाळ्यातही हातपाय आखडवणारं असतं. होडी रात्री नीट ओढून, पालथी घालून बांधा. पावसाने तळं रात्रीत हातभर चढतं आणि सकाळी होडी पलीकडच्या काठाला लागलेली दिसते. आणायला दुसरी होडी नसते.

आईबाबांना घेऊन जावं का?

सत्तरीपुढचे आईबाबा धडधाकट असले तरी मी नेणार नाही. चढणं-उतरणं ओल्या, निसरड्या फ्लोटवरून आणि काठच्या गोट्यांवरून. गुडघा दुखत असेल तर रात्रीचा संडास हाच एक ट्रेक. आणि हृदयाची गोळी संपली तर दुकान नाही. त्यांना केचिकनला आणा, मिस्टी फ्योर्ड्सवरून दीड-दोन तासांची फेरी घडवा, तळ्यावर दहा मिनिटं विमान उतरतं ते त्यांना आयुष्यभर पुरेल. माझ्या बाबांनी डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीसमोरचं सीप्लेनचं प्रात्यक्षिक गर्दीत उभं राहून पाहिलं होतं. केचिकनला ते पायलटशेजारच्या सीटवर बसले.

मुलं सात-आठ वर्षांपुढची असतील तर जरूर न्या. पत्ते, चित्रांची वही आणि एक जाड पुस्तक द्या.

भारतातून येताना कॅनडाचा व्हिसा लागतो का?

सिअ‍ॅटलहून थेट केचिकनला दोन-अडीच तासांत विमान येतं, त्या वाटेने फक्त अमेरिकेचा व्हिसा लागतो. व्हँकूवरवरून, म्हणजे बऱ्याच क्रूझ बोटींच्या वाटेने आलात तर कॅनडाचाही लागेल. केचिकनचा विमानतळ समोरच्या ग्रॅव्हिना बेटावर आहे, उतरल्यावर छोट्या फेरीबोटीने खाडी ओलांडायची. मोठ्या बॅगा घेऊन पावसात हे करताना पुढच्या सगळ्याची रंगीत तालीम होते.

दिवसभर करता काय?

लाकूड फोडतो. पाणी आणतो, उकळतो. ओलं झालेलं वाळत घालतो, ते वाळत नाही, म्हणून जागा बदलतो. होडी वल्हवून तळ्याच्या दुसऱ्या टोकाला जातो. लून पक्षी ओरडतो ते ऐकतो. पहिल्यांदा ऐकलं की कुणीतरी विनवण्या करतंय असं वाटतं. दुपारी झोपतो. आभाळाकडे किती वेळा पाहतो याचा हिशोब नाही.

केबिनमधल्या वहीत काय लिहायचं?

बहुतेक केबिनमध्ये एक वही असते, येणारे लिहून जातात. गेल्या गेल्या ती वाचा. छप्पर कुठे गळतं, होडीला कुठे भोक आहे, मासा कुठे लागतो, उंदीर कुठल्या फटीतून येतो, हे सगळं तिथेच कळतं. 'विमान आलं नाही, दिवस दुसरा. कॉफी संपली.' अशा नोंदी बऱ्याच असतात, आणि दिवस तिसऱ्यापर्यंत अक्षर बिघडत जातं.

तुम्हीही उपयोगाचं लिहा. उरलेलं खाणं 'पुढच्यांना होईल' म्हणून फळीवर ठेवू नका, ते फक्त उंदरांना होतं. मराठीत लिहायची हौस असेल तर लिहा, आम्ही लिहिलं आहे. फक्त खाली इंग्रजीतही द्या. होडीच्या डाव्या बाजूचं तिसरं रिव्हेट गळतं, हे आम्ही पहिल्या वेळी फक्त मराठीत लिहून आलो होतो.